तुळशीपत्र ठेवलेली तिजोरी

इंदूरच्या मराठी माणसाला अहिल्याबाई होळकर कोण हे सांगायला नको. विमानतळ त्यांच्या नावाचा, विद्यापीठ त्यांच्या नावाचे, राजवाड्यासमोरच्या बागेत पुतळा त्यांचा. दर वर्षी पुण्यतिथीला पालखी निघते तेव्हा आपल्यापैकी बरेच जण घरच्यांना घेऊन रस्त्याच्या कडेला उभे असतात. पण रोज उच्चारल्या जाणाऱ्या नावाचे एक होते, त्यामागचा माणूस दिसेनासा होतो. हातात शिवलिंग घेतलेली पांढऱ्या लुगड्यातली मूर्ती तेवढी डोळ्यांसमोर राहते.

मागच्या काही वर्षांत आपल्या समाजातल्या कितीतरी घरांवर वाईट प्रसंग आले. कुणाचा कर्ता मुलगा गेला, कुणाची नोकरी गेली, कुणाचा चालता धंदा बसला. भेटायला गेले की सगळेच सांगतात, देवावर भार टाका. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याला पुढे काय करायचे ते कळत नाही. भार टाकायचा म्हणजे हात जोडून बसायचे का? हा प्रश्न मनात घेऊन मी अहिल्याबाईंचे चरित्र पुन्हा वाचले आणि ते मला एरवीपेक्षा वेगळे दिसले. त्यांनी देवावर भार टाकला होता यात शंका नाही. मात्र तो टाकण्याची त्यांची पद्धत आपल्या समजुतीपेक्षा फार निराळी होती.

त्यांचा जन्म १७२५ सालचा, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेडजवळच्या चौंडी गावी. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. मल्हारराव होळकरांचा मुक्काम चौंडीला पडला असताना देवळात ही मुलगी त्यांच्या नजरेस पडली आणि त्यांनी तिला सून करून घेतली, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तपशील कसाही असो, १७३३ मध्ये खंडेराव होळकरांशी त्यांचे लग्न झाले आणि आठ वर्षांची मुलगी होळकरांच्या घरात आली.

हे घर जुन्या राजघराण्याचे नव्हते. मल्हारराव नीरेकाठच्या होळ गावचे, धनगराच्या घरचे. तलवारीच्या जोरावर बाजीरावांच्या मर्जीत बसून माळव्यात मोठे झाले. त्यांच्या पत्नी गौतमाबाई मोठ्या करारी. या सासूसासऱ्यांनी सुनेला लिहा-वाचायला शिकवले आणि हिशेब शिकवला. त्या काळात मुलीला लिहायला शिकवणे हीच नवलाई होती. वसुलाचे कागद समजून देणे तर कुणाच्या डोक्यातही आले नसते.

इथे खासगी हा शब्द समजून घेतला पाहिजे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या विनंतीवरून गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्र जहागीर दिली. तिला खासगी म्हणत. महेश्वर त्याच खासगीत होते. दौलत म्हणजे सरंजाम, फौजफाटा आणि त्यासाठी येणारा मुलखाचा वसूल. त्याचा हिशेब पेशव्यांना द्यावा लागे. खासगी ही घरातल्या बाईच्या मालकीची, तिचे उत्पन्न वेगळे आणि वह्या वेगळ्या. मी पस्तीस वर्षे बँकेत काढली, त्यात बरीचशी कर्ज विभागात. दुकानाचा गल्ला आणि घराचा गल्ला एक झाला की भल्या भल्या पेढ्या कशा बसतात हे डोळ्यांनी पाहिले आहे. होळकरांच्या घरात ही दोन खाती पहिल्यापासून वेगळी होती. गौतमाबाईंनंतर खासगी अहिल्याबाईंकडे आली. त्यांनी ती वेगळी ठेवलीच, शिवाय त्या वेगळेपणाचा असा काही उपयोग केला की मल्हाररावांच्याही कल्पनेत नसेल.

पहिला घाव १७५४ सालचा. मराठ्यांनी सूरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला वेढा घातला होता. तिथे तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्याबाई अठ्ठावीस वर्षांच्या, मुलगा मालेराव आणि मुलगी मुक्ताबाई दोघेही लहान. त्या सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी, त्या कठोर शिपाईगड्याने, सुनेपुढे अक्षरशः पदर पसरला. खंडू गेला तो गेला, आता तूच माझा खंडू, म्हातारपणी मला टाकून जाऊ नकोस, अशा अर्थाची विनवणी त्यांनी केली असे सर्व चरित्रकार सांगतात. अहिल्याबाई थांबल्या.

या थांबण्याकडे आपण फारसे लक्ष देत नाही. त्या काळच्या समजुतीप्रमाणे सती जाणे हा पुण्याचा मार्ग होता. थांबायचे तर जन्मभर लोकांच्या कुजबुजीला तोंड द्यावे लागणार होते. पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्यांना दिसत नव्हते. तरी सासऱ्याचा शब्द आणि दोन मुले समोर होती, ते काम त्यांनी पत्करले. दागिने उतरवले, पांढरे वस्त्र नेसल्या आणि कामाला लागल्या.

त्यानंतरची बारा वर्षे म्हणजे त्यांची खरी उमेदवारी. मल्हारराव सदा मोहिमेवर, कधी दिल्ली, कधी राजपुताना, कधी पंजाब. मागे वसूल, दाणावैरण, दारूगोळा, पत्रव्यवहार हे सगळे सुनेच्या अंगावर. १७६५ सालची मल्हाररावांची त्यांना लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत. चंबळ ओलांडून ग्वाल्हेरीस जावे, तोफखाना जवळ ठेवावा, दारूगोळ्याची तजवीज करावी, अशा सूचना त्यांत आहेत. सुनेला असे पत्र लिहिणारा सासरा आजही सहज सापडायचा नाही. १७६१ मध्ये पानिपत झाले, मराठ्यांची एक पिढी कापली गेली, आणि त्याच वर्षी गौतमाबाईही गेल्या. घरातल्या मोठ्या बाईची जागा अहिल्याबाईंवर आली.

२० मे १७६६ रोजी आलमपूरच्या मुक्कामी मल्हारराव वारले. सुभेदारी नातवाला, मालेरावांना मिळाली. ते जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचे. त्यांच्या वागण्याविषयी बऱ्याच वाईट गोष्टी लिहिलेल्या आहेत. अहिल्याबाईंनी न्यायासाठी पोटच्या मुलाला हत्तीच्या पायी दिले, ही शाळेच्या नाटकांतून फिरणारी गोष्ट मात्र मी इथे लिहिणार नाही. तिला कसलाही आधार नाही आणि त्या माउलीवर तो अन्याय आहे. मालेराव आजारी पडले, वेडाचे झटके येऊ लागले, आई रात्रंदिवस उशाशी बसून राहिली, आणि १७६७ च्या वसंतात तेही गेले. सुभेदारी मिळून वर्षही झाले नव्हते.

नवरा, सासू, सासरा, मुलगा. पानिपताने सगळ्या हिंदुस्थानची घडी विस्कटलेली. अशा वेळी घरातलाच माणूस उठला. होळकरांचे जुने दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचवले की एखादे लहान मूल दत्तक घ्यावे, कारभार आम्ही पाहू, बाईंनी नेमणूक घेऊन देवधर्म करत स्वस्थ बसावे. वरवर पाहता सल्ला सोयीचा होता. विधवेला चरितार्थ मिळाला, माळ मिळाली, आणखी काय हवे? बाईंनी नकार दिला. एका सुभेदाराची मी सून, दुसऱ्याची आई, वारस ठरवण्याचा अधिकार माझा, ही त्यांची भूमिका होती. मग चंद्रचूडांनी राघोबादादांना बोलावले आणि दादा फौज घेऊन माळव्याच्या रोखाने निघाले.

देवधर्म करत बसा, हे ज्यांना सांगितले गेले त्या अहिल्याबाईंइतका देवधर्म त्या काळात क्वचितच कुणी केला असेल. पण देवाचे नाव पुढे करून त्यांना बाजूला सारण्याचा डाव त्यांनी ओळखला. त्यांनी पुण्याला थोरल्या माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. महादजी शिंदे, गायकवाड, भोसले यांना पत्रे गेली. होळकरांच्या पदरचे तुकोजी फौजेसह क्षिप्रेच्या काठी येऊन उभे राहिले. बायकांवर चालून जाण्यात दादांना यश आले तरी कीर्ती नाही आणि अपयश आले तर तोंड दाखवायला जागा नाही, असा निरोप बाईंनी धाडल्याचे सांगतात. माधवरावांचा कौल बाईंच्या बाजूने पडला. दादा मालेरावांच्या मातमपुरसीला आलो असे म्हणत पाहुणचार घेऊन परतले.

याच सुमारास त्यांनी जे केले त्याचा मी बँकेचा माणूस म्हणून सर्वात जास्त विचार केला आहे. मल्हाररावांनी जमवलेला मोठा खजिना त्यांच्या ताब्यात आला होता. तो किती होता याचे निरनिराळे आकडे सांगतात, मी त्यात शिरत नाही. सगळ्यांची नजर त्यावर होती हे नक्की. बाईंनी विधिपूर्वक संकल्प सोडला, त्या द्रव्यावर तुळशीपत्र ठेवले आणि ते धर्मकार्यासाठी देवाला अर्पण केले. राघोबादादांनी पुढे खर्चासाठी पैसे मागितले तेव्हा त्यांना कळवले गेले की हे द्रव्य देवाचे झाले आहे, दान म्हणून घेणार असाल तर मंत्र म्हणून संकल्प सोडते, अशी आख्यायिका आहे. पेशव्यांच्या घरातला पुरुष होळकरांच्या सुनेकडून दान कसा घेणार?

हा किस्सा नेहमी चातुर्याचा म्हणून सांगतात. चातुर्य त्यात आहेच. पण जी वस्तू त्यांनी देवाची म्हटली ती शेवटपर्यंत देवाचीच मानून वागवली, ही खरी गोष्ट. आमच्याकडे तिजोरीला दोन चाव्या असत, एक हेड कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही. आत लाखो रुपये असले तरी उघडणाऱ्याला ते कधी आपले वाटत नाहीत. तो राखणदार असतो आणि संध्याकाळी पै न् पैचा मेळ घालून घरी जातो. अहिल्याबाईंनी त्या दिवशी स्वतःला मालकिणीच्या खुर्चीवरून उठवून राखणदाराच्या जागी बसवले. दुसरी चावी देवाकडे दिली, असेच म्हणा ना.

राज्याचेही तेच. इंदूर सोडून त्यांनी नर्मदाकाठी महेश्वरला राजधानी केली. त्यांच्या हुकुमांवर त्यांच्या सहीऐवजी श्रीशंकर असे लिहिलेले असे. राज्य शंकराचे, आपण त्याच्या आज्ञेने कारभार पाहणार. महेश्वरच्या टांकसाळीत पडलेल्या त्यांच्या काळच्या रुपयांवर शिवलिंग आणि बेलाचे पान आहे. त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे. अहिल्याबाईंचे नाव कुठेच नाही. नोटेवर सही असावी म्हणून माणसे आयुष्य घालवतात, आणि इथे स्वतःच्या टांकसाळीच्या नाण्यावर मालकिणीने बेलाचे पान ठेवले.

मालकी देवाची म्हटल्यावर कारभार सैल पडायला हवा होता. आपल्याकडे देवस्थानांच्या वह्यांची अवस्था काय असते हे ज्यांनी ऑडिट केले आहे त्यांना विचारा. बाईंचे उलट होते. दिनक्रम सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस-तीस वर्षांत माळव्यातल्या माहीतगार लोकांकडून विचारून लिहून ठेवला आहे. पहाटे सूर्योदयापूर्वी उठायचे, स्नान-पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, स्वतःसमोर ब्राह्मणभोजन, मग साधे जेवण आणि थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो सूर्यास्तापर्यंत. पुन्हा दोन-तीन तास पूजाअर्चा, थोडा फराळ, आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कागदपत्रे. पडदा नाही. कुणीही रयत समोर येऊन गाऱ्हाणे सांगू शके. एखाद्या बारीक हिशेबाचा उलगडा होईपर्यंत त्या प्रकरण सोडत नसत. मोजून पाहा, साठी उलटलेली बाई रोज सहा तासांच्या आसपास कचेरी करत होती, आणि तितकाच वेळ देवापुढे होती. एकाचा वेळ कापून दुसऱ्याला दिला असे झाले नाही.

आपल्या सत्तेचा वापर करताना देवाला झाडा द्यायचा आहे, असे त्या समजत. हे बोलण्यापुरते नव्हते हे दोन-तीन गोष्टींवरून दिसते. निपुत्रिक मेलेल्या सावकाराची संपत्ती सरकारजमा करणे किंवा तिच्यातला मोठा हिस्सा नजराणा म्हणून उपटणे ही तेव्हाची सर्रास रीत. बाईंनी ती मोडली. इंदुरात एक श्रीमंत सावकार मूल नसताना वारला, तेव्हा जवळच तुकोजींचा तळ होता आणि त्यांनी त्या पैशावर हक्क सांगितला. सावकाराच्या विधवेने महेश्वर गाठले. बाईंनी तिचा हक्क मान्य केला आणि तुकोजींना तळ हलवण्याचा हुकूम दिला. दुसऱ्या एका घरच्या विधवेने आपण होऊन सगळी दौलत बाईंना देऊ केली, तर त्यांनी ती नाकारून सुचवले की हा पैसा तुमच्याच हाताने लोकांच्या उपयोगी लावा. देव पुरवतो म्हणणाऱ्या माणसाकडे पैसा आपणहून चालत आला, की तो बहुधा त्यालाच देवाची कृपा म्हणतो आणि पिशवी उघडतो. बाईंना देवाची कृपा आणि परक्याचा पैसा यांतला फरक कळत होता.

भिल्लांचे प्रकरणही असेच. नर्मदेकाठच्या डोंगरांतून वाटमारी फार होती. त्यांनी आधी कडक उपाय केले. मग त्या लोकांच्या पोटाचा प्रश्न समजून घेतला. त्यांच्या मुलखातून जाणाऱ्या मालावर भिल्लकवडी नावाचा लहानसा कर घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य केला, पडीक जमीन लावायला दिली, आणि बदल्यात रस्त्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. हद्दीत चोरी झाली तर भरपाई त्यांनी करायची. लुटारूला राखणदार करण्याची ही युक्ती अनेक वर्षे चालली.

आता खासगीचा खर्च. काशीला विश्वनाथाचे मंदिर पाडले जाऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली होती. ते १७८० च्या सुमारास अहिल्याबाईंनी पुन्हा उभे केले. गयेचे विष्णुपद, सोमनाथ, वेरूळचे घृष्णेश्वर, काशीचे घाट, महेश्वरचा घाट, यात्रेच्या वाटांवर विहिरी, बारवा, धर्मशाळा, अन्नछत्रे. हिमालयापासून रामेश्वरापर्यंत यादी पसरली आहे. यांतली बहुतेक ठिकाणे होळकरांच्या राज्यात नव्हती. तिथून एक पैशाचा वसूल येणार नव्हता. दक्षिणेतल्या देवळांना गंगेचे पाणी पोहोचवण्याची कायमची व्यवस्था होती. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी, थंडीत आश्रितांना कांबळी. महेश्वरच्या आसपास नांगराला जुंपलेल्या बैलांना दुपारी पाणी दाखवायला माणूस नेमलेला. पाखरांना शेतातून हाकलतात म्हणून काही शेते पाखरांसाठीच राखलेली. हे सगळे वाचून आजचा व्यवहारी माणूस हसेल. माल्कमच्या काळातही असे हसणारे होतेच.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहावी अशी एक गोष्ट यात आहे. एकदा रक्कम देऊन मोकळे व्हायचे, असे त्यांचे दान नव्हते. जिथे अन्नछत्र घातले तिथे दर वर्षीच्या खर्चाची तरतूद लावून दिली, कुठे जमिनीचे उत्पन्न, कुठे वर्षासन. आपल्या भाषेत सांगायचे तर मुद्दल सुरक्षित ठेवून व्याजातून काम चालावे अशी रचना. उद्या मी नसेन, हे गृहीत धरून केलेली. उद्याची चिंता देवावर सोडणारी बाई उद्याची तरतूद इतक्या बारकाईने करते, याचे मला पूर्वी कोडे वाटे. आता वाटत नाही. उद्या आपल्या हातात नाही, हे ज्याने खरोखर मान्य केले तोच अशी तरतूद करतो. ज्याला आपण कायम असणार असे वाटते तो सगळे स्वतःच्या सहीवर ठेवतो.

सगळेच सुरळीत होते असे मुळीच नाही. फौजेचे काम त्यांनी तुकोजींकडे सोपवले होते. तुकोजी वयाने त्यांच्या बरोबरीचे, पण त्यांना मातोश्री म्हणत. शिपाई म्हणून शूर, पैशाच्या बाबतीत मात्र हात ढिला. मोहिमेवरून सारखी पैशाची मागणी यायची आणि बाई आधीच्या खर्चाचा हिशेब मागायच्या. महेश्वर दरबारच्या बातमीपत्रांतून ही कुरबूर वर्षानुवर्षे दिसते. मुलुखातून वसूल करता तो जातो कुठे, हा त्यांचा रोकडा प्रश्न असे. संत म्हणून ज्यांना आपण ओळखतो त्या बाई या कागदांत चांगल्याच रागावलेल्या दिसतात. मला त्या तशा आवडतात. रामपुऱ्याच्या चंद्रावत राजपुतांनी उठाव केला तेव्हा त्यांनी फौज पाठवून तो मोडला, तेव्हाही शंकराचे राज्य म्हणून हात आखडला नाही.

आणि मग १७९० साल आले.

मुक्ताबाईंचे लग्न यशवंतराव फणसे यांच्याशी झाले होते. त्यांचा मुलगा नथोबा हा अहिल्याबाईंचा एकुलता एक नातू, मालेरावानंतरची सगळी आशा. तो ऐन तारुण्यात आजारी पडून गेला. वर्षभरात, १७९१ मध्ये, जावई यशवंतरावही गेले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचे ठरवले.

अहिल्याबाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या. सदतीस वर्षांपूर्वी जी विनवणी मल्हाररावांनी त्यांना केली होती, तीच आता त्यांनी मुलीला केली. आई म्हणून सांगितले, राज्यकर्ती म्हणून सांगितले, पाया पडून सांगितले. मुक्ताबाई शांतपणे म्हणाल्या की तुमचे वय झाले आहे, तुम्हीही काही वर्षांत जाल, नवरा नाही, मूल नाही, मग मी एकटीने कुणासाठी राहायचे. मुलगी ऐकत नाही असे दिसल्यावर त्या स्वतः मिरवणुकीबरोबर नर्मदेच्या काठी गेल्या. चिता पेटली तेव्हा दोन माणसांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. आक्रोश केला, मग स्नान केले, वाड्यात आल्या, आणि तीन दिवस अन्न घेतले नाही, कुणाशी बोलल्या नाहीत.

ज्या राज्यात त्यांचा शब्द कायदा होता तिथे त्या स्वतःच्या मुलीला वाचवू शकल्या नाहीत. रूढी त्यांच्यापेक्षा मोठी ठरली. हुकूम काढून त्यांनी ती मोडायला हवी होती असे आज वाटते, आणि वाटणे स्वाभाविक आहे. मला अधिक खुपते ते वेगळेच. ज्या शंकराच्या नावाने त्यांनी चोवीस वर्षे प्रत्येक कागद काढला, ज्याच्यापुढे रोज तासन्तास बसल्या, त्याच्याकडे त्या दिवशी त्यांनी मुलीचा जीव मागितलाच असणार, आणि तो मिळाला नाही. विश्वास ठेवला की देव संकट टाळतो, असे मानणाऱ्यांनी अहिल्याबाईंचे चरित्र वाचू नये. त्यांचे एकही संकट टळले नाही.

चौथ्या दिवसापासून पुन्हा दरबार सुरू झाला. गेलेल्यांच्या स्मरणार्थ महेश्वरला सुंदर बांधकाम करायचे त्यांनी ठरवले आणि त्या कामात मन घातले. रात्रीचे कागद पुन्हा समोर आले. यापुढे होळकरांच्या गादीला आपल्या रक्ताचा वारस नाही, हे त्यांना स्वच्छ माहीत होते. राज्य मुळात आपले नाहीच, असे जी बाई इतकी वर्षे लिहीत आली होती, तिच्या त्या लिहिण्याची परीक्षा खरे तर या चौथ्या दिवशी झाली.

पुढची वर्षेही बरी गेली नाहीत. १७९३ मध्ये लाखेरीला शिंदे आणि होळकरांच्या फौजा आपापसांत लढल्या आणि होळकरांचा मोठा पराभव झाला. पुढच्या वर्षी महादजी पुण्याजवळ वानवडीला वारले. अहिल्याबाई थकल्या होत्या, पण व्रते, उपास आणि कचेरी यांपैकी काहीच कमी केले नाही. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला, तो त्यांनी शांतपणे ऐकून घेतला, आपण इतक्या स्तुतीला पात्र नाही म्हणाल्या आणि ग्रंथ नर्मदेत टाकायला सांगितला. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरला त्यांचे निधन झाले. आपल्या पंचांगाने ती श्रावण वद्य चतुर्दशी. इकडच्या पंचांगात तोच पंधरवडा भाद्रपदाचा धरतात. म्हणून आपल्या घरातल्या कालनिर्णयात श्रावण दिसतो आणि इंदुरातली पालखी मात्र भाद्रपदात निघते. नवीन सुनांचा या तिथीवरून नेहमी गोंधळ होतो, म्हणून मुद्दाम लिहिले.

त्यांच्यानंतर दोन वर्षांनी, १७९७ मध्ये तुकोजी गेले. त्यांच्या मुलांत गादीवरून भांडणे लागली, एक मुलगा पुण्यात मारला गेला, आणि पुढची वीस वर्षे माळव्याने जी धुळधाण पाहिली ती इतिहासात आहे. १८१८ मध्ये होळकर इंग्रजांचे मांडलिक झाले. फौजेवर खर्च झालेल्या कोट्यवधी रुपयांचे आज काही शिल्लक नाही. खासगीच्या खात्यातून बांधलेले घाट, विहिरी आणि देवळे मात्र ठिकठिकाणी वापरात आहेत. खासगीचा वारसा सांभाळण्यासाठी इंदुरात ट्रस्ट आहे, आणि त्या मालमत्तांवरून कोर्टकज्जेही झाले आहेत. तिजोरीवर तुळशीपत्र ठेवणारी बाई गेली की ते पान कुठवर टिकते, हा प्रश्न आपल्या पिढीनेही पाहिला.

महेश्वरला कधी गेलात तर मुक्काम करा आणि सकाळी लवकर वाड्यात जा. बहुतेक जण दुपारी जातात, घाटावर फोटो काढतात, साड्या घेतात आणि संध्याकाळी इंदूरला परततात. तिथे अहिल्याबाईंच्या वेळेपासून चालत आलेले लिंगार्चन अजून रोज होते. पाटावर काळ्या मातीची इवलीशी शिवलिंगे ओळीने मांडतात, प्रत्येकावर तांदळाचा एक दाणा. सगळी मांडून झाली की त्यांची पूजा होते. मग ती सगळी माती उचलून नर्मदेत सोडतात, आणि दुसऱ्या दिवशी नव्या मातीने पुन्हा पहिल्या लिंगापासून सुरुवात करतात.